रेडकांच्या भरड्यात युरिया? तो मेसेज आधी पुसून टाका

‘दूध तोडलेली दहा रेडकं दिवाळीनंतर फुकटात आणा, हिवाळाभर सांभाळा, उन्हाळ्याच्या तोंडाला विका, दीड लाख निव्वळ हातात.’ हा मेसेज तुमच्याही गावच्या ग्रुपवर आला असेल. माझ्या चुलतभावाने तो वाचून सहा रेडकं आणली आणि मला फोन करून विचारलं, “दादा, भरड्यात युरिया किती घालू? मेसेजमध्ये एक चमचा लिहिलंय.”

म्हणून सुरुवात त्या चमच्यापासूनच करतो. बाकी सगळं चुकलं तर पैसे जातील, हे चुकलं तर जनावर जाईल.

मोठ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव युरियातून सुटणाऱ्या अमोनियापासून प्रथिनं बनवतात, तेही युरिया थोडा असेल आणि सोबत पिष्टमय खाद्य असेल तर. चार-पाच महिन्यांच्या रेडकाचं ते पोट अजून पुरतं तयार झालेलं नसतं, म्हणून एवढा अमोनिया त्याला वापरता येत नाही. तो रक्तात जातो. अंग थरथरतं, तोंडाला फेस येतो, पोट फुगतं आणि तासा-दोन तासांत खेळ संपतो. डॉक्टर गोठ्यात पोचेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ युरिया-मळीची चाटण वीट वापरायला सांगतं, पण सहा महिन्यांखालच्या वासरांना ती देऊ नका असंही सांगतं. जी वीट जनावर हळूहळू चाटतं, तीसुद्धा लहानांना नको. मग भरड्यात मोकळा चमचा कुणी सुचवला?

यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. १०० किलो काडाला (वाळलेल्या पेंढ्याला) ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, काड हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचं, आणि मग मोठ्या जनावरांना घालायचं, ही पद्धत चांगली आहे. बहुधा कुणीतरी ती अर्धवट ऐकली, काड गाळलं, २१ दिवस गाळले आणि रेडकाचं वयही गाळलं.

आता मेसेजमधले बाकीचे दावे एकेक करून बघू. ‘रेडकू फुकट मिळतं.’ मिळतं, कारण म्हशीचं दूध विकायचं असतं आणि नराला कुणी पोटभर पाजत नाही. पण असं रेडकू बहुतेकदा पुरेशा चिकाला मुकलेलं असतं. त्यात आईच्या दुधातून आलेले गोल जंत असू शकतात. पहिलं जंताचं औषध पंधरवड्यातच द्यायचं असतं, ते त्याला कुणी दिलेलं नसतं. फुकटातलं रेडकू पहिला महिना नुसतं सावरण्यात घालवतं.

‘रोज किलोभर वजन वाढतं, खर्च नाममात्र.’ नीट खायला घातलं तर दिवसाला अर्धा किलो वाढ म्हणजे चांगली वाढ. १८० दिवसांत ९० किलो. त्यासाठी वैरणीबरोबर रोज किलोभर पेंड धरली तर एका रेडकाला साडेतीन पोत्यांहून जास्त लागते. पोतं दीड हजाराचं धरा, दहा रेडकांचे ५४ हजार. कडबा, औषध आणि मेलेल्यांचा तोटा वेगळा. हा हिशोब मेसेजमध्ये एका ओळीतही नाही.

‘थंडीत जनावर जास्त खातं म्हणून लवकर भरतं.’ जास्त खातं ते अंग ऊबदार ठेवायला. ओल्या जमिनीवर आणि वाऱ्यात बांधलं तर न्यूमोनिया ठरलेला.

‘बंदी गाईला आहे, रेड्याला कायद्याची अडचण नाही.’ महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन २०१५ साली लागू झालेली कत्तलबंदी गाय, वळू आणि बैलाला आहे, म्हैसवर्ग त्यात नाही, हे खरं. पण त्याच कायद्यात म्हशीच्या वासराच्या कत्तलीला सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो, आणि जनावर शेतीकामाला किंवा पैदाशीला उपयोगी ठरण्यासारखं असेल तर तो मिळत नाही. म्हणजे रेडकाच्या वयातच विकायचं म्हटलं तर घेणारा त्या दाखल्याचा विचार करून भाव पाडणार.

भावाने युरिया मिसळून ठेवलेला भरडा काल शेताच्या कडेला खड्डा घेऊन पुरला. सहा रेडकांना डॉक्टरांकडून जंताचं औषध पाजलं, गोठ्याला वाऱ्याच्या बाजूने पोती बांधली. एकाची हगवण अजून थांबलेली नाही.