मारले ८९, खेळलो ९६

"स्कोअर छान झाला रे, राउंड मात्र चांगला नव्हता," असं मला परवा चारचौघांत ऐकवण्यात आलं. खेळ गोल्फचा, म्हणजे फटके जितके कमी तितकं चांगलं. पार, म्हणजे तरबेज खेळाडूला लागावेत इतके फटके, ७२ चं मैदान, माझे ८९. अठराच्या अठरा होलवर बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त, झाली तर ९० होतात, त्याहून एक कमी. नव्वदच्या आत मी पहिल्यांदाच आलो होतो. बाईंनी पेपर तपासून मार्क दिल्यावर शेजारच्या बाकावरच्या मुलाने तोच पेपर पुन्हा तपासायला घ्यावा, तसं हे झालं.

बोलणारे आमच्या चौकडीतले सर्वांत ज्येष्ठ. आयुष्यभर लोकांचे जमाखर्च तपासून निवृत्त झालेले ऑडिटर. आम्ही त्यांना काका म्हणतो. नोकरी सुटली, पण तपासणी काही सुटली नाही. त्या दिवशी माझं कार्ड त्यांच्याकडे होतं आणि त्यांचं माझ्याकडे, म्हणजे आम्ही एकमेकांचे मार्कर, फटके लिहून घेणारे.

"काका, ८९ झाले की," मी म्हणालो.

"झाले ना. पण कसे झाले?"

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. गोल्फची ती बुटकी पेन्सिल, जिच्या मागे खोडरबर नसतो. तो का नसतो ते मला त्या क्षणी उमगलं. काकांना काही खोडायचं नव्हतंच, फक्त वाढवायचं होतं.

"सहाव्या होलवर तुझा सुरुवातीचा ड्राइव्ह उजवीकडे झाडीत गेला. बरोबर?"

"परत फेअरवेवर, मोकळ्या गवतावर आला, काका."

"झाडाला लागून आला. तो फटका झाडाचा. एक धर. नवव्यावर चेंडू पाण्यात जायचा, तो टप्पे खात पलीकडे गेला. दंड आणि पुन्हा मारायचा एक, असे दोन. बाराव्यावर वाळूच्या बंकरमधून नुसता कडेने लागला. झेंड्याची काठी आडवी आली म्हणून वाचलास, नाहीतर मागच्या झुडपात होतास. आणखी दोन. आणि पंधराव्याचा तो लांबचा पट!"

"तो तर आत गेला." (पट म्हणजे ग्रीनवरून, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून, चेंडू होलकडे ढकलणं.)

"वेग पाहिलास का त्याचा? होल वाटेत आला म्हणून थांबला. नाहीतर तीन पट ठरलेले. अजून दोन. किती झाले?"

सात झाले होते. मी ९६ चा खेळलो होतो.

होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. त्यात चेंडू किती घाईने शिरला याची नोंद करायला कार्डावर रकाना नसतो. हे मी त्यांना सांगितलं. "म्हणून तर तोंडी सांगतोय," काका म्हणाले.

मग मी, केवळ विषय बदलावा म्हणून, त्यांचा राउंड कसा झाला ते विचारलं. कार्ड माझ्याच हातात होतं, त्यावर १०१ होते.

"माझे? आकडा बघशील तर १०१. पण खरं पाहता मी ८६ चा खेळलो."

पंधरा फटके कुठे गेले असतील, असं कुणालाही वाटेल. ते व्यवस्थित निर्लेखित झाले होते. तीन पट होलच्या कडेवरून फिरून बाहेर आले होते, ते पडल्यातच जमा. दुसऱ्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, काका उभे असताना कुणीतरी कार्टचा ब्रेक सोडला, त्यामुळे त्या ड्राइव्हची जबाबदारी ब्रेकवर. काही फटके वाऱ्याच्या खाती गेले, काही ग्रीन नीट कापलं नव्हतं त्याच्या. राहिला अकरावा होल. तिथे त्यांचे नऊ झाले होते.

"अकरावा धरायचाच नाही. तो मी खेळलोच नाही."

"मग कोण खेळलं, काका?"

"अरे, तो माझा स्विंग होता का? तूच सांग."

मी काय सांगणार? मी मार्कर. नवापैकी एक फटका हवेतला होता, चेंडूला वाराही लागला नव्हता. नियम सांगतो की मारायच्या हेतूने काठी फिरवली की तो फटका, मग लागो न लागो. काकांच्या मते तो सरावाचा स्विंग होता. सरावाच्या स्विंगनंतर माणूस "अगं आई गं" म्हणत नाही, एवढंच माझं निरीक्षण.

एकूण पद्धत माझ्या लक्षात आली. माझ्या वाट्याला आलेलं नशीब म्हणजे माझ्यावरचं कर्ज, आणि त्यांच्या वाट्याला न आलेलं नशीब म्हणजे त्यांचं येणं.

बरं, आमच्या चौकडीत हे एकटेच असे असते तर गोष्ट वेगळी. तिसरे गृहस्थ राउंडचा दर्जा चेंडूंवर ठरवतात. जितके घेऊन निघाले त्यापेक्षा जास्त घेऊन परत आले तर राउंड उत्तम, मग १२० का होईनात. ते रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, चेंडू शोधायला जात नाहीत, वेचायला जातात. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, २०१९ पासून तीनच मिळतात. त्या बदलाचा या माणसाइतका मनस्ताप जगात दुसऱ्या कुणाला झाला नसेल. चौथा तरुण आहे आणि मोबाइलमध्ये सगळं टिपून ठेवतो. "आज फक्त २९ पट!" असं तो इतक्या आनंदाने सांगतो की त्याला कारण सांगवत नाही. त्याचा चेंडू वेळेत ग्रीनवर पोचतच नाही. तो काठाशी येऊन थांबतो, तिथून चिप करून, म्हणजे छोट्या उचलत्या फटक्याने, होलजवळ जातो, आणि मग उरतो तो वीतभर पट. ग्रीन जितकी चुकवाल तितके पट कमी. अशाने तो एक दिवस १८ पटांत १०५ मारून पेढे वाटेल.

आणि ती एका फटक्यावर जगणारी जमात तर सगळीकडेच असते. दिवसभर मातीत काठ्या आपटल्यावर शेवटून दुसऱ्या होलवर सात नंबरच्या आयर्नने एक फटका असा बसतो की हाताला काही जाणवतच नाही, चेंडू सरळ वर जाऊन ग्रीनवर मऊ उतरतो. झालं. राउंड 'मस्त' झाला. आधीच्या शंभर फटक्यांना कुणी विचारत नाही. (यांच्याबद्दल मला फार बोलता येणार नाही, कारण मीही यांच्यातलाच.)

खरं म्हणजे या विसराळूपणाला गोल्फने रीतसर मान्यता दिली आहे. हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत. २०२० मध्ये आलेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटचे वीस स्कोअर घेतात आणि त्यातले उत्तम आठ मोजतात. बारा राउंड तुम्ही खेळलाच नाहीत! शिवाय एखाद्या होलवर कितीही माती खाल्ली तरी हँडिकॅपपुरती ती एका मर्यादेपर्यंतच धरली जाते. त्याआधी १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबात डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी गुणांची पद्धत खेळवली. होल फार बिघडला तर शून्य गुण घ्या, चेंडू उचला, पुढे चला. डॉक्टर पेशाने शल्यचिकित्सक होते. बिघडलेला भाग कापून टाकायची सवय.

पण कापायचं कुणी आणि किती, हे तिथे लिहून ठेवलेलं आहे. एरवी हा खेळ दयामाया दाखवत नाही. १९६८ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्तो दे व्हिचेंझोने शेवटच्या दिवशी सतरावा होल तीन फटक्यांत संपवला. मार्कर टॉमी एरनने कार्डावर चार लिहिले, आणि दे व्हिचेंझोने तशीच सही केली. ६५ चे ६६ झाले. विजेत्या बॉब गोल्बीशी बरोबरी व्हायची, ती एका फटक्याने हुकली. त्या दिवशी बिचाऱ्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. तिथे न मारलेला एक फटका माणसाला जन्मभर चिकटला, आणि इथे आमचे काका मारलेले पंधरा फटके अंग झटकून मोकळे.

मला टोचतं ते वेगळंच. एरवी दोस्तीच्या खेळात काका पाच फुटांवरचा चेंडू "हा तर झालाच" म्हणत उचलतात. आठ फुटांवरून अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडूसुद्धा साधारण निम्मे पट चुकवतात, पण काकांचे पाच फूट झालेलेच असतात. परवा मी एकही चेंडू उचलला नाही. दीड फुटाचाही वाकून, श्वास धरून आत घातला. एक चेंडू मुळाशी अडकला होता, तो बुटाने इंचभर सरकवायला कुणाची हरकत नव्हती, कुणी बघतही नव्हतं. नाही सरकवला. आणि वर ऐकायचं काय, तर राउंड चांगला नव्हता. मैदानावर "कसा झाला राउंड?" हे विचारतात ते आपल्यालाही कुणीतरी विचारावं म्हणून, हे मला माहीत आहे. माझं उत्तर संपायच्या आत त्यांचा चौदावा होल सुरू होतो, तेही मी सोसलं आहे. पण एकदा, एकदाच, समोरच्याने "वा!" म्हणून गप्प बसावं, ही अपेक्षा काही फार नाही.

रात्री काकांचा फोन आला. मला वाटलं, उशिरा का होईना, वा म्हणणार.

"अरे, आजचा स्कोअर हँडिकॅपला चढवलास ना?"

"चढवला."

"मग तो तुझ्या आठांत बसणार. हँडिकॅप उतरला तुझा. म्हणजे रविवारी तू मला एखाद-दोन स्ट्रोक जास्त देणं लागतोस. आधीच बोललेलं बरं, मागाहून कटकट नको."

"पण काका, मी तर ९६ चा खेळलो होतो ना?"

"ते खेळाचं झालं. मी हिशेबाचं बोलतोय. कार्डावर आकडा काय आहे? ८९. आणि खाली मार्कर म्हणून सही कुणाची आहे?"