दोन लाख लागतात म्हणे!

परवा भाच्याने एक मेसेज पाठवला. कुठून कुठून फिरत त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर येऊन पडलेला. मथळा होता, ‘सिम रेसिंगच्या नादाला लागण्याआधी हे वाचा’. सिम रेसिंग म्हणजे कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये, खऱ्यासारख्या वागणाऱ्या गाडीने रेस करणं. खाली पाच मुद्दे. दोन लाख रुपये नसतील तर सुरुवातच करू नका. गेमपॅडवर शिकाल तर सगळं वाया, नंतर ते विसरावं लागतं. भारतातून ऑनलाइन रेस होत नाही, पिंग (सर्व्हरशी निरोप जाऊन-येण्याचा वेळ) आडवा येतो. ऑनलाइन म्हणजे नुसती धडकाधडकी, तेव्हा आधी वर्षभर एकट्याने सराव करा. आणि शेवटचा, हा काही झालं तरी गेमच, ज्याला खरी गाडी येते त्याला यात शिकण्यासारखं काही नाही. त्याखाली भाच्याची ओळ: ‘मामा, खरंय का हे? मग बाबांकडे विषयच काढत नाही.’

मी काही यातला उस्ताद नव्हे. सहा वर्षं झाली, डायनिंग टेबलाला स्टिअरिंग आवळून खेळतो आणि वीस गाड्यांत बहुधा आठवा-दहावा येतो. पण या पाचही दगडांना मी स्वतः ठेचकाळलेलो आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

दोन लाखांचा आकडा हवेतून आलेला नाही. मोटरच्या दांड्यावरच थेट बसवलेलं डायरेक्ट ड्राइव्ह स्टिअरिंग, लोडसेलची पेडलं, अ‍ॅल्युमिनियमची चौकट, त्यावर बकेट सीट, समोर तीन मॉनिटर आणि ते ओढू शकेल असा कॉम्प्युटर. बेरीज तिथे जाते, पुढेही जाते. फक्त ही यादी पाच वर्षं खेळलेल्या माणसाच्या घरातली आहे. ती नवख्याच्या हातात देणं म्हणजे पेटी शिकायला बसलेल्या पोराला आधी मैफलीचा हॉल बुक करायला सांगणं.

सुरुवात घरात जे आहे त्यावर होते. लाइव्ह फॉर स्पीड हा वीसेक वर्षांहून जुना सिम्युलेटर. त्याचा डेमो फुकट आहे, त्यात ब्लॅकवुडचा ट्रॅक आणि मोजक्या गाड्या मिळतात, आणि जुनाट लॅपटॉपसुद्धा तो विनातक्रार चालवतो. रेसरूमही काही गाड्या-ट्रॅकपुरता फुकट आहे. इटलीच्या कुनोसचा असेटो कोर्सा २०१४ चा. सेलमध्ये अगदी किरकोळ पैशांत मिळतो आणि साध्या ग्राफिक्स कार्डावर धावतो. खिसा खरा कापला जातो तो भलतीकडेच, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. आयरेसिंग या ऑनलाइन सिम्युलेटरमध्ये वर्गणी तर आहेच, शिवाय सोबत मिळणाऱ्या गाड्या-ट्रॅक सोडून बाकीचं सगळं एकेक करून विकत घ्यावं लागतं, तेही डॉलरमध्ये. तिथे सुरुवातीला हात आखडता ठेवावा.

आता स्टिअरिंग. लॉजिटेकच्या जी२९ सारखं गिअरवर चालणारं स्टिअरिंग पंचवीस-तीस हजारांच्या आसपास नवं मिळतं, जुनं त्याहून बरंच खाली. ते ९०० अंश फिरतं आणि पुढच्या टायरची पकड सुटली की हातात हलकं पडतं. नवख्याला एवढा निरोप पुरतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये तोच निरोप जास्त स्वच्छ आणि जास्त जोरात मिळतो, पण माझ्या लॅपमधले (ट्रॅकच्या एका फेरीतले) पहिले पाच सेकंद हात-पाय सुधारून कमी झाले, मोटर बदलून नव्हे. (गिअरवाल्याची टरटर रात्री अकरा वाजता शेजारच्या खोलीत ऐकू जाते, हे मात्र मान्य. त्यावरून आमच्याकडे बोलणी झालेली आहेत.)

दोन लाखांच्या त्या यादीत एक गोष्ट मात्र अर्धवट का होईना, बरोबर आहे: पेडल. स्वस्त सेटमधलं ब्रेक पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं. लोडसेल पाय किती जोराने दाबला ते मोजतो. पायाला अंतरापेक्षा जोर जास्त चांगला लक्षात राहतो, म्हणून पुढे-मागे पैसे घालायचेच झाले तर आधी तिथे घाला, स्टिअरिंगमध्ये नंतर.

त्याआधी मात्र पेडल जागेवर राहायला हवं. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की ब्रेक दाबला की पेडलांचा सेट गुळगुळीत फरशीवरून पुढे सरकतो आणि चाकांची खुर्ची मागे. मध्ये मी, पाय लांब करून, जणू कॉटवरून घसरतोय. उपाय दोन. पेडलं भिंतीला टेकवली आणि मधल्या फटीत आईचा जुना पाट आडवा कोंबला. खुर्चीची पाच चाकं पाच जुन्या बुटांत बसवली. हसू नका, आजही तशीच आहेत. खर्च शून्य, आणि ब्रेक दर लॅपला एकाच जागी लागायला लागले.

तीन मॉनिटरचंही तसंच. एक चालतो, फक्त सेटिंगमधला दृष्टीचा कोन नीट लावायचा. २४ इंची मॉनिटर डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर आडवा कोन साधारण ४८ अंश बसतो. गेम बहुतेक वेळा याहून बराच मोठा कोन देऊन पाठवतात. त्यात आजूबाजूचं पुष्कळ दिसतं, पण समोरचं वळण आहे त्यापेक्षा लांब वाटतं आणि मग आपण ब्रेक उशिरा मारतो. मी दोन महिने स्टिअरिंगला दोष देत होतो, दोष या एका आकड्यात निघाला. कोन कमी केल्यावर आरसे दिसेनासे होतात, आधी कोंदट वाटतं. आठवडाभर सोसा.

गेमपॅडचा मुद्दा थोडक्यात उरकतो. गेमपॅडवरची अंगठ्याने हलवायची काडी जेमतेम सेंटिमीटरभर हलते, त्यामुळे सिम्युलेटर मध्ये चाळणी लावून गाडी एकदम वळू देत नाही. स्टिअरिंगवर गेलात की हाताला हे नव्याने शिकावं लागतं, खरं आहे. पण कुठे ब्रेक मारायचा, गाडी आत कधी घ्यायची, बाहेर पडताना गॅस कधी उघडायचा, हे डोळ्यांनी शिकलेलं असतं आणि ते कुठेही जात नाही. कीबोर्ड मात्र टाळा. तिथे ब्रेक एक तर पूर्ण, नाही तर नाहीच.

पिंग. लोक समजतात की जर्मनीतल्या सर्व्हरवर खेळताना आपलं स्टिअरिंग जर्मनीला जाऊन परत येतं. तसं नसतं. तुमच्या गाडीचं टायर, सस्पेन्शन, सगळं गणित तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं, ती हाताला लगेच उत्तर देते. सर्व्हरकडून येते ती दुसऱ्यांच्या गाड्यांची जागा, आणि ती थोडी शिळी असते. ताशी २०० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला ५५ मीटर जाते. खबर पोचायला १५० मिलिसेकंद लागले तर तेवढ्यात ती आठेक मीटर पुढे गेलेली असते. म्हणून तुमचा कॉम्प्युटर तिच्या वेगावरून आणि दिशेवरून अंदाज बांधून तिला पुढे दाखवतो. सरळ रस्त्यावर अंदाज चपखल बसतो. कुणी एकदम ब्रेक मारला किंवा गाडी डुगडुगली की चुकतो. तेव्हा शेजारून जाताना हातभर जागा जास्त सोडायची, बस. सतत १५० पिंग चालतो. मधेच ६०, मधेच ४०० असा उड्या मारणारा चालत नाही. घरातले मालिका बघत असतील त्या वायफायवर बसू नका, राउटरपासून लॅनची वायर ओढा.

भारतातून खेळण्यातली खरी अडचण झोपेची आहे. युरोपातले लोक रात्री आठला मैदानात उतरतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. सकाळी पहिली शिफ्ट असेल तर सांभाळा.

आता तो चौथा मुद्दा, वर्षभर एकट्याने सरावाचा. हा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो.

मी तो पाळला होता. वर्षभर नाही, दोन महिने. इटलीतला मोंझाचा ट्रॅक, रोज रात्री, एकटा. वळणाआधीच्या १०० मीटरच्या पाटीकडे बघून ब्रेक मारायची इतकी सवय झाली की झोपेतही पाय हलायचा. मग पहिली ऑनलाइन रेस. दिवे विझले, वीस गाड्या पहिल्या शिकेनकडे (लागोपाठच्या उलटसुलट वळणांकडे) निघाल्या, आणि माझी पाटी समोरच्या गाडीच्या मागे गडप झाली. त्यात मी तिच्या वाऱ्याच्या आडोशाला, म्हणजे एरवीपेक्षा जास्त वेगात. त्यात पुढचे सगळे एकटे असताना मारतात त्याच्या बरेच आधी ब्रेक मारत होते, कारण त्यांच्याही पुढे गाड्या होत्या. भाजीवाल्यांच्या गल्लीत एकाने स्कूटर थांबवली की मागची रांग जशी आवळत येते, अगदी तसं. मी माझ्या नेहमीच्या जागी ब्रेक मारला आणि समोरच्याच्या डिकीत घुसलो. माझ्यामागून आणखी दोघं.

यातलं एकही मोकळ्या ट्रॅकवर शिकता आलं नसतं, वर्ष घालवलं असतं तरी. गर्दीत कसं चालवायचं ते गर्दीतच शिकता येतं.

आणि धडकाधडकी सगळ्यात जास्त खालच्या गटात असते, हे खरं असलं तरी त्या गटातून वर काढणारी गोष्ट मुख्यतः रेसच आहे. आयरेसिंगमध्ये सगळे रूकी म्हणून सुरू करतात, मग लायसन्सचे वरचे गट डी, सी, बी, ए. वर जायचं ते सेफ्टी रेटिंगवर, म्हणजे किती सांभाळून चालवता यावर. त्यात चुकीला अंक पडतात, हिशोब बघा: ट्रॅकबाहेर गेलात १ अंक, गाडीवरचा ताबा सुटला २, दुसऱ्या गाडीला जोरात लागलात ४. चूक कुणाची ते बघितलं जात नाही. ठोकणाऱ्याला ४ आणि ज्याला ठोकलं त्यालाही ४. नवखे यावर फार चिडतात, मीही चिडलो होतो. पण या अन्यायामुळेच माणूस ‘मी बरोबर होतो’ म्हणणं सोडतो आणि शेजारचा वेडा दिसला की त्याला जागा देऊन टाकतो. किती वळणांत किती अंक पडले यावर रेटिंग ठरतं, त्यामुळे मागे राहून मुकाट शेवटपर्यंत पोचणारा वर सरकतो. ग्रान तुरिस्मो ७ या गेममध्येही वेगाचं आणि वागणुकीचं रेटिंग वेगळं आहे. असेटो कोर्सा कॉम्पेतित्सिओने या असेटो कोर्साच्याच भावंडासाठी लो फ्युएल मोटरस्पोर्ट या वेबसाइटवर नोंदणी फुकट आहे आणि तिथेही तुमच्या पातळीचीच माणसं समोर येतात. एकट्याने सराव करणाऱ्याचं रेटिंग मात्र वर्षानंतरही पहिल्या दिवसाचंच राहतं. म्हणजे तो त्याच धडकाधडकीत उतरणार, वर्ष उशिरा.

मग किती सराव? माझा हिशोब साधा आहे. एक गाडी, एक ट्रॅक, सलग दहा लॅप, चाक ट्रॅकबाहेर न जाता. जमलं की उतरा. गाडी कमी ताकदीची घ्या, माझदा एमएक्स-५ सारखी. तिच्यात चूक हळू घडते, काय चुकलं ते दिसतं आणि सावरायला वेळ मिळतो. ट्रॅकवर रंगीत रेषा दाखवणारी मदत पहिले चार दिवस ठेवा, मग बंद करा. नजर त्या रेषेवरच खिळते आणि पाट्या, कठडे, झाडं काही लक्षात राहत नाहीत. पहिल्या पाच-सहा रेस मी पिट लेनमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गॅरेजसमोरच्या रस्त्यावरून, सुरू केल्या. सगळे निघून गेल्यावर बाहेर पडायचं, पुढे पहिल्या वळणात काय माती झाली ते बघत बघत जायचं. त्यातल्या एका रेसमध्ये काहीही न करता बारावा आलो होतो.

राहिला ‘शेवटी गेमच’. २०११ साली ग्रान तुरिस्मोच्या जीटी अकॅडमीतून, म्हणजे गेम खेळणाऱ्यांतून खरे ड्रायव्हर निवडणाऱ्या स्पर्धेतून, निवडला गेलेला यान मार्डेनबरो २०१३ ला ल मॉंच्या २४ तासांच्या रेसमध्ये एलएमपी२ या गाड्यांच्या वर्गात तिसरा आला. २०१९ च्या जानेवारीत मेक्सिकोतल्या रेस ऑफ चॅम्पियन्समध्ये एन्झो बोनितो या सिम रेसरने लुकास दि ग्रासीला खऱ्या गाडीत हरवलं. दि ग्रासी म्हणजे फॉर्म्युला ई या इलेक्ट्रिक गाड्यांच्या रेस मालिकेचा माजी विजेता. २०२० मध्ये जेम्स बाल्डविन घरच्या स्टिअरिंगवरून उठून ब्रिटिश जीटी या खऱ्या गाड्यांच्या स्पर्धेत गेला आणि ओल्टन पार्कला पहिलीच रेस जिंकला. ही हजारांतली माणसं, मान्य. सिम्युलेटरमध्ये मान ओढणारा जोर नाही, भीती नाही आणि ठोकल्यावर गॅरेजचं बिल नाही, हेही मान्य. पण शिकण्यासारखं काही नाही हे कुणी म्हणू नये.

आमचे एक काका तीस वर्षं वरंधा आणि खंबाटकी करतात, उतारावर गिअरमध्ये गाडी अशी धरतात की बघत राहावं. त्यांना बसवलं. पहिल्याच वळणाला सरळ वाळूत, दुसऱ्यालाही. कारण मजेशीर होतं: रस्त्यावर माणूस जन्मात ब्रेक पूर्ण दाबत नाही, हळू सुरू करून शेवटी वाढवतो. इथे उलटं. आधी जेवढा बसेल तेवढा जोर, मग वळण जवळ येईल तसा पाय हळूहळू उचलत जायचा, म्हणजे टायरची उरलेली पकड वळायला मिळते. काका अर्ध्या तासाने उठले, म्हणाले, “अरे, हे उलटं आहे सगळं.” पुढच्या रविवारी स्वतःहून आले.

उलट बाजूही सांगून टाकतो, नाहीतर भाच्याला वाटायचं मामा बढाया मारतो. सहा वर्षं मोंझा-स्पासारखे ट्रॅक करून, गेल्या महिन्यात मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना डावा दरवाजा खांबाला घासला. ताशी चार किलोमीटर. पाट्या-बिट्या सगळ्या स्पष्ट दिसत होत्या.