मागची कोलांटी शिकवताना आधी हात शिकवा

गॅदरिंग जवळ आलं की बऱ्याच शाळांत जिम्नॅस्टिक्सचा कार्यक्रम बसवतात आणि त्यात मागची कोलांटी हमखास असते. पुढची येते ना, मग मागचीही येईल, असं सगळे धरून चालतात. मी लहान मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवते आणि मला हे फार धोक्याचं वाटतं.

मागे लोळताना कंबर डोक्यावरून पलीकडे न्यावी लागते. त्या क्षणी हातांनी जमीन रेटली नाही, तर सगळा भार मानेवर येतो. त्यात 6-7 वर्षांच्या मुलाचं डोकं उंचीच्या जवळपास सहावा हिस्सा असतं. मोठ्या माणसाचं साधारण आठवा. म्हणजे एवढं डोकं ओलांडायला हात आखूड, आणि दंडात जोरही बेताचाच.

म्हणून माझ्याकडे आधी पाठीवर नुसते मागे-पुढे झोके. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, पाठ गोल. मागे जाताना दोन्ही तळवे कानांजवळ गादीवर टेकायचे, बोटं खांद्यांकडे, कोपरं छताकडे. कोपरं फाकली की जोर गेला. एक हात मागे राहिला की मूल एका खांद्यावरून तिरकं जातं. दोन्ही तळव्यांचा आवाज एकदम यायला हवा. तो एकदम येईपर्यंत मी कोलांटीचं नावही काढत नाही.

मग उतार. तिरपी गादी महाग असते, पण स्प्रिंगबोर्डवर, म्हणजे उडी घ्यायच्या तिरप्या फळीवर, साधी गादी टाकली तरी काम होतं. वेग उतार देतो, मुलाने फक्त रेटायचं. तिथून सपाट गादीवर यायला एखाद्याला महिने लागतात, लागू देत. तोवर कार्यक्रमात त्याची पुढची कोलांटी ठेवा.

मला खरा राग येतो तो पाय ढकलण्याचा. मूल मधेच अडकलं की मोठी माणसं त्याचे पाय पलीकडे लोटतात, आणि मान आणखी दबते. कमरेला दोन्ही बाजूंनी धरून वर उचला, मान लगेच मोकळी होते.

डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतले वरचे दोन मणके एकमेकांवर सैल असतात. त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच कोलांटी देऊ नये.

पालकांनो, क्लास लावताना फीच्या आधी एवढं विचारा: शिकवायला उतार आहे का, आणि मूल अडकलं तर सर त्याला कुठे धरतात?