मेस चालू आहे, कृपया बाणाच्या दिशेने चाला

विद्यापीठाच्या भोजन आणि विक्री सेवा समितीवर तुमची वर्णी लागली असेल, तर आधी अभिनंदन. एरवी या समितीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मीठ कमी पडलं, ताटं ओली आली, दुकानात वह्या महाग मिळतात, एवढ्यावर माणसाची कारकीर्द निघून जाते. साथ आली की मात्र सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे लागतात. वर्ग ऑनलाइन नेता येतात, परीक्षा पुढे ढकलता येतात, पदवीदान पडद्यावर उरकता येतं. जेवण अजून कुणाला ईमेलला जोडून पाठवता आलेलं नाही. वसतिगृहात अडकलेल्या पोरांना दिवसातून तीनदा भूक लागते आणि ती परिपत्रकाने शमत नाही.

11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं, तेव्हा जगभरच्या मेसचालकांना सगळं पहिल्यापासून शोधून काढावं लागलं. तुमचं नशीब थोर. तुमच्यापुढे त्यांचा सगळा अनुभव तयार आहे. त्यातलं काय उचलायचं आणि काय सोयीस्करपणे विसरायचं, तेवढंच ठरवायचं आहे.

मूळ सूत्र असं: विषाणू दिसत नाही, म्हणून उपाय दिसलेच पाहिजेत. जो उपाय फोटोत येत नाही तो झालाच नाही असं समजा. सुरुवात बाणांपासून करा. फरशीवर पिवळे बाण चिकटवा, आत जायचं दार वेगळं, बाहेर पडायचं वेगळं. बाण अशा बेताने आखा की ताट घेतलेला मुलगा गल्ल्यापाशी पोचल्यावर त्याला चमचा राहिल्याचं आठवेल. आता त्याला उलटं फिरता येत नाही. तो नियम पाळणारा असेल तर बाहेर पडेल, पुन्हा पहिल्या दाराने आत येईल आणि त्याच रांगेत त्याच माणसांच्या मागे दुसऱ्यांदा उभा राहील. गर्दी दुप्पट झाली, पण एकाच दिशेने झाली.

मग ॲक्रिलिकची काच. वाढपी आणि विद्यार्थी यांच्यामध्ये छताकडे झेपावणारा पडदा उभारा आणि खाली ताट सरकवण्यापुरती फट ठेवा. मी हा पडदा बराच वेळ न्याहाळला आहे, म्हणून सांगतो काय होतं ते. काच मध्ये, तोंडाला मास्क, वर पंख्याचा घरघराट. पलीकडचा काय बोलतो ते कुणाला कळत नाही. दोनदा ‘काय?’ झालं की विद्यार्थी वाकतो, मास्क हनुवटीवर ओढतो, फटीला तोंड लावतो आणि जिवाच्या आकांताने ओरडतो, “अजून थोडं!” वाढपीही ऐकायला वाकलेला असतो. अख्ख्या मेसमध्ये दोन अनोळखी माणसांची तोंडं इतकी जवळ दुसरीकडे कुठेही येत नाहीत. फोटो काढताना कॅमेरा थोडा वर धरा, फट दिसणार नाही.

आता फवारणी. इथे हात आखडता घेऊ नका. मार्च 2020 मध्ये प्रयोगशाळेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता: विषाणू प्लॅस्टिकवर 72 तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर 24 तासांपर्यंत तग धरतो. हा अभ्यास छापून भिंतीवर लावा आणि वाचन इथेच थांबवा. पुढे जुलै 2020 मध्ये इमॅन्युएल गोल्डमन नावाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने पृष्ठभागांमुळे पसरणाऱ्या संसर्गाची भीती फुगवलेली आहे असं ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये लिहिलं. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनेही (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) सांगून टाकलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे 10,000 मध्ये 1 पेक्षा कमी. असलं काही वाचनात आलं तर टेबलं पुसायला लावलेल्या माणसांचं, जंतुनाशकाच्या पिंपांचं आणि पाठीवरच्या पंपांचं काय करणार? साप साप म्हणून भुई धोपटायची ठरलीच आहे, तर धोपटणाऱ्याला गणवेश द्या. टेबल ओलं दिसलं की पालकांना बरं वाटतं.

हवेचा विषय मात्र टाळा. प्रत्येक समितीत एखादा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक असतोच आणि तो ग्वांगझूची गोष्ट काढतोच. जानेवारी 2020, चीनमधल्या ग्वांगझू शहरातलं एक रेस्टॉरंट. मजल्याला खिडकी नाही. 83 गिऱ्हाईकं जेवत होती, त्यांतले 10 जण पुढे कोविडने आजारी निघाले. दहाही जण शेजारशेजारच्या तीन टेबलांवरचे, एसीचा झोत ज्या पट्ट्यात फिरत होता त्या पट्ट्यातले. प्राध्यापकाला शांतपणे सांगा, ते रेस्टॉरंट होतं, आपली मेस आहे. तो ऐकत नाही. मग तो अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या प्राथमिक शाळा काढतो: हवा खेळती ठेवण्याची सोय केलेल्या शाळांमध्ये रुग्णांचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी आढळलं, मे 2021 चा अहवाल. त्याला म्हणा, ती लहान मुलं, आपली मोठी आहेत.

शेवटी तो स्वतःच्या खिशातून कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आणतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत ते 420 च्या आसपास आकडा दाखवतं. आत 800 च्या वर गेला तर ताजी हवा कमी पडते आहे असं समजावं, असा सीडीसीचा सल्ला. भरल्या मेसमध्ये हे यंत्र लावायचा मोह आवरा. बाण वाकवता येतात, आकडा वाकत नाही. अगदीच गळ्यात पडलं तर कुलसचिवांच्या दालनात लावा. तिथे एकच माणूस बसतो आणि तोही दुपारनंतर.

खिडक्या उघडाव्यात की काय, अशी शंका तुमच्या मनात आली असेल. मेसच्या खिडक्या नीट बघा. गेल्या तीन रंगकामांत चौकटीसकट रंगवून टाकल्यामुळे त्या भिंतीचाच भाग झाल्या आहेत. एक सुतार, एक पटाशी आणि अर्धा दिवस, एवढ्यात त्या उघडतील. अडचण तिथेच आहे. एवढ्याशा कामाला निविदा निघत नाही, उद्घाटन होत नाही, फलक लागत नाही. ॲक्रिलिकला हे सगळं लागतं.

वेळापत्रक करताना थोडं शास्त्र वापरा. ऑक्टोबर 2020 पासून सीडीसीची ‘निकट संपर्का’ची व्याख्या अशी होती: 6 फुटांच्या आत, 24 तासांत मिळून 15 मिनिटं. तेव्हा प्रत्येक जेवणाला 14 मिनिटं द्या. पंधराव्याला घंटा वाजवून उठवा. तिन्ही जेवणांची बेरीज 42 होते, पण ती करायला कुणाला वेळच मिळणार नाही.

याहून सोपा मार्ग म्हणजे पार्सल. खुर्च्या उचलून ठेवा, बसायची सोय बंद करा, सगळं डब्यातून द्या आणि योजनेला ‘घ्या आणि निघा’ असं चटपटीत नाव द्या. मागच्याच वर्षी तुम्ही प्लॅस्टिकमुक्त परिसराची शपथ घेतली होती. तिचा फलक फार लांब ठेवू नका, पार्सलचं टेबल टेकवायला कामी येतो. गरम जेवण झाकणबंद डब्यात घातलं की वाफेचं पाणी होऊन खाली उतरतं आणि कुरकुरीत असलेलं सगळं मऊ पडतं. विद्यार्थ्यांना चावण्याचे श्रमही पडत नाहीत.

डबा घेऊन ते जातात कुठे, हा प्रश्न विचारू नका. ते एकाच्या खोलीत जातात. पाचजण दोन पलंगांवर बसतात, दार लावतात (पार्सल खोलीत न्यायला बंदी आहे ना), खिडकी थंडीमुळे बंद, आणि तासभर गप्पा मारत जेवतात. तुमच्या उंच छताच्या, दहा खिडक्यांच्या हॉलमधून उठवून तुम्ही त्यांना एवढ्याशा खोलीत कोंबलंत. घाबरू नका. मेसमध्ये एकालाही लागण झाली नाही हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता. वसतिगृह दुसऱ्या समितीकडे आहे.

क्यूआर कोड लावाच. 1994 साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी हा चौकोन तयार झाला. तिथे स्कॅन केलेला भाग गोदामात असायचा. तुमच्याकडे स्कॅन केलेला पदार्थ काल संपलेला असतो, एवढाच फरक.

अंदाजपत्रकात पैसे उरले तर यंत्रमानव आणा. व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात जानेवारी 2019 मध्येच चाकांवरचे छोटे यंत्रमानव जेवण पोचवायला लागले होते, साथ यायच्या वर्षभर आधी. साथीत त्यांची चलती झाली. त्यांना सर्दी होत नाही, ते रजा मागत नाहीत, वाटेत भेटले की पोरं त्यांच्यासोबत सेल्फी काढतात. त्यांना स्वयंपाक मात्र येत नाही. त्यांच्या पोटातला डबा भरायला भटारखान्यात आठ माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि तिथला एक्झॉस्ट पंखा कधीचा बिघडलेला असतो. पण फोटो यंत्रमानवाचा निघतो.

विलगीकरणातल्या विद्यार्थ्यांचं जेवण हे वेगळं शास्त्र आहे. ऑगस्ट 2020 मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने बाहेरच्या राज्यांतून आलेल्या मुलांना 14 दिवस खोलीत ठेवलं आणि जेवण दारात पोचवायची हमी घेतली. जेवण उशिरा आलं, मांसाहार न करणाऱ्यांना मांस आलं, आणि एका डब्यात तोंडीलावणं म्हणून अख्खं लिंबू निघालं. पोरांनी टिकटॉकवर व्हिडिओ टाकले आणि जगभर बातम्या झाल्या. यातून जेवण सुधारायचा धडा घेणारे घेतात. तुम्ही डब्यावर ‘चित्रीकरणास मनाई आहे’ असं स्टिकर लावा. लिंबू कापून दिलं तरी निम्मी टीका कमी होईल.

दुकानाकडेही बघायला हवं. वह्या, साबण, सॅनिटरी पॅड, डोकेदुखीची गोळी या रडक्या वस्तू आहेत, नफा नाही, त्या मागच्या कपाटात जाऊ द्या. दर्शनी भागात विद्यापीठाचं बोधचिन्ह असलेले मास्क मांडा. कापड एकपदरी चालेल, बोधचिन्ह भरतकामाचं हवं. सुईने पडलेल्या भोकांतून श्वासही मोकळा होतो.

पैशांविषयी दोन शब्द. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल परिसरात 10 ऑगस्ट 2020 रोजी वर्ग भरले आणि 17 ऑगस्टला पदवीचे वर्ग ऑनलाइन नेत असल्याचं जाहीर झालं. मध्ये एक आठवडा. हा आठवडा सोन्याचा असतो, कारण सत्राची मेस फी त्याच्या आधी जमा करून घेतलेली असते. परताव्याची मागणी आली की ‘नाही’ म्हणू नका. ‘पुढच्या वर्षीच्या खात्यात जमा’ म्हणा. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी पुढच्या वर्षी सवडीने येऊन जेवून जावं.

राहता राहिले वाढपी, आचारी आणि भांडी घासणाऱ्या बायका. त्यांचं काय करायचं हा समितीतला सर्वांत सोपा प्रश्न, कारण ते तुमचे नाहीतच. ते कंत्राटदाराचे. परिसर बंद झाला की त्यांचा पगार बंद, आणि त्याचं पत्रही तुम्हाला लिहावं लागत नाही. पार्सल सुरू झालं की ताटं उरत नाहीत, ताटं नाहीत म्हणून घासणाऱ्या बायका नाहीत; हा खर्च पर्यावरणाच्या नव्हे तर बचतीच्या रकान्यात दाखवा. जे उरतील त्यांना ‘आघाडीचे योद्धे’ म्हणा, फाटकावर त्यांच्या नावाने फलक लावा, एका संध्याकाळी टाळ्या वाजवा. चुकूनही आजारपणाची भरपगारी रजा देऊ नका. एकदा दिली की ती साथ संपल्यावरही मागतील.

रजेऐवजी तापमापक पिस्तूल घ्या. सकाळी साडेपाचला वाढपी फाटकावर येतो. रात्रभर अंग दुखत होतं, पण घरी बसला तर दिवसाची मजुरी जाते, म्हणून तापाची गोळी घेऊन आला आहे. थंडीतून सायकलवर आल्याने कपाळ गार पडलेलं. रखवालदार पिस्तूल रोखतो, हिरवा दिवा लागतो, वहीत सही होते. दहा मिनिटांत तो काचेमागे उभा असतो आणि सात वाजता पहिला विद्यार्थी फटीला तोंड लावतो. दोन दिवसांच्या पगाराने हे सगळं टळलं असतं, पण त्या दोन दिवसांचं बजेटमध्ये शीर्षकच नाही. पिस्तुलाला आहे.

सत्र संपलं की अहवाल लिहायचा असतो. त्यात जंतुनाशक किती लिटर, बाण किती, काच किती चौरस फूट, पार्सलं किती, हे सगळं सविस्तर येऊ द्या. कर्मचाऱ्यांपैकी किती जण आजारी पडले हा रकाना ठेवू नका. तो आकडा कंत्राटदाराच्या मस्टरवर असतो आणि मस्टर मागवायची पद्धत नाही. अहवाल सहीसाठी फिरेल तेव्हा प्रत्येक सदस्याने स्वतःचं पेन वापरावं, अशी तळटीप टाका. सामाईक पेनाने संसर्ग पसरतो, यावर समितीचं आजही एकमत आहे.