अंडं आधी, पण ऐकतो कोण

कोंबडी आधी की अंडं आधी, याचं उत्तर मला माहीत आहे. अंडं आधी. विषय संपला. पण चालू विषय संपवणाऱ्या माणसाला नाशकात कोणी चहासुद्धा विचारत नाही.

कॉलेज रोडच्या मागच्या बाजूला आमच्या टोळक्याची नेहमीची भुर्जीची गाडी आहे. रात्री तव्यावर कांदा पडला, की टोळक्यातल्या एकाला हटकून तत्त्वज्ञान सुचतं. तो अंड्यांच्या ट्रेकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "मला एक सांगा, हे आधी की ती आधी?" जणू हा प्रश्न जगात त्यालाच पहिल्यांदा पडलाय.

मी सांगायला जातो. अरे, कोंबडीच्या कितीतरी आधीपासून मासे अंडी घालत होते, बेडूक घालत होते. जमिनीवर अंडी घालायला सुरुवात होऊनच तीस कोटींहून जास्त वर्षं झाली. लांब कशाला जा, शेजारच्या गुजरातेत बालासिनोरजवळ रायोली गावात डायनासोरची अंडी दगड होऊन पडलीत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. आणि पाळीव कोंबडी? तिची सगळ्यात जुनी खात्रीची हाडं थायलंडमधली, साधारण साडेतीन हजार वर्षांची. अंड्यापुढे ती कालची पोरगी!

यावर सगळे थोडा वेळ गप्प होतात. भुर्जीवालासुद्धा उलथनं थांबवतो. मग कोणीतरी लिंबू पिळत म्हणतं, "पण आपण कोंबडीच्या अंड्याबद्दल बोलतोय ना राव."

हे वाक्य मी झोपेतही ओळखेन. त्याचंही उत्तर आहे, पण ते जरा लांब आहे आणि तोवर पाव गार होतो. कोंबडीचं अंडं म्हणजे कोंबडीने घातलेलं, की ज्यातून कोंबडी निघते ते? अंगणात चरणारा पक्षी एके दिवशी सकाळी उठून कोंबडी होत नाही. जो काही बदल व्हायचा तो नवा जीव तयार होताना, अंड्याच्या आतच होतो. म्हणजे 'जवळजवळ कोंबडी' असलेल्या एका पाखराने अंडं घातलं आणि त्यातून कोंबडी निघाली. खरं तर 'ही बघा पहिली' असं बोट कुठेच ठेवता येत नाही. लाल रानकोंबड्याच्या पिढ्यानपिढ्या थोड्या थोड्या बदलत गेल्या. मध्येच राखी रानकोंबड्याशी सोयरीक झाली (तो आपल्या सह्याद्रीतही असतो) आणि कातडीचा पिवळा रंग त्या घराण्याकडून आला.

हे सगळं मी एकदा सोसायटीचा जिना चढता चढता चौथ्या मजल्यावरच्या काकूंना समजावलं. लिफ्ट बंद होती, त्यामुळे त्यांना पळता आलं नाही.

"म्हणजे आई कोंबडी नव्हती आणि पोरगी कोंबडी निघाली?"

"साधारण तसंच."

काकूंनी घराचं दार उघडून आत, सुनेच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. "पटलं हो. विहीणबाई खरंच फार चांगल्या आहेत."

आजवर माझं म्हणणं पूर्ण पटलेलं हे एकमेव माणूस.

आमच्यातला एक अंबडच्या कंपनीत आहे. त्याच्या मोबाइलमध्ये २०१० सालची एक बातमी कायम तयार असते: 'शास्त्रज्ञांनी कोडं सोडवलं, कोंबडीच आधी'. इंग्लंडमधल्या शेफील्ड आणि वॉरिक विद्यापीठांच्या संशोधकांनी ओव्होक्लेडिन-१७ नावाचं प्रथिन संगणकावर अभ्यासलं होतं. हे प्रथिन कोंबडीच्या शरीरात बनतं आणि कवचाचे स्फटिक जमायला मदत करतं. कवच कसं जमतं, एवढंच ते बिचारे शोधत होते. कोंबडी आधी आली हे वर्तमानपत्रांनी शोधलं. तसली प्रथिनं बदक-हंसाच्या आणि शहामृगाच्या कुळातही आहेत, असं मी म्हणालो, तर तो म्हणाला, "शहामृगाची भुर्जी इथे मिळत नाही, मुद्द्याचं बोल."

वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तर वादातच उतरत नाहीत. "बीजांकुर न्याय," म्हणतात, "बी आधी की झाड आधी? दोन्ही अनादि." आणि वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडवे होतात. या वादात सुखी दिसलेला माणूस हाच.

मला आपुलकी वाटते ती प्लुटार्कची. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा ग्रीक लेखक. त्याला एक स्वप्न पडलं आणि त्याने अंडी सोडली. मग एका मेजवानीत मंडळींनी त्याला धरलं: हा कुठल्या पंथाबिंथात गेला की काय? त्यावरून गाडी 'कोंबडी आधी की अंडं'वर गेली आणि सगळे तावातावाने भांडले. श्रावण पाळणाऱ्या माणसाचा छळ इतका जुना आहे, हे वाचून बरं वाटलं.

पण माझ्या उत्तराला खरा धक्का बसला तो गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी), बुधवारच्या बाजारात. एक मावशी पाटीत भुसा घालून गावठी अंडी घेऊन बसल्या होत्या. भाव ऐकून मी वेळ काढायला म्हणून तो प्रश्न विचारला आणि उत्तरही देऊन टाकलं.

"अंडं आधी?" मावशी म्हणाल्या. "मग त्याच्यावर बसलं कोण?"

"म्हणजे?"

"भाऊ, खुडूक कोंबडी एकवीस दिवस बसती. दाण्याला उठली तरी लगेच माघारी येती. तवा पिल्लू. नाहीतर आमलेट. तू बसणार होता का?"

पोल्ट्रीत हे काम यंत्र करतं, असं मी सांगायला हवं होतं. पोल्ट्रीतल्या कोंबड्या सहसा खुडूक होतच नाहीत, माणसाने तो गुणच मागे पाडलाय. आणि आपण खातो त्या पोल्ट्रीच्या अंड्यातून, कितीही बसलं तरी, पिल्लू निघत नाही. पण मावशी माझ्याकडे अशा बघत होत्या, की त्यांनी सांगितलेल्या भावानेच मी डझनभर अंडी घेतली आणि निघालो.

घरी आल्यावर बायकोने भाव विचारला. मी विषय बदलायला म्हणून रायोलीपासून मावशींपर्यंत सगळं सांगितलं. ती अंडी एकेक करून पाण्यात सोडून बघत होती, बुडतात की तरंगतात.

"ती अंडी घालत होती, तीच एकवीस दिवस बसत होती," ती म्हणाली. "मग या सगळ्यात कोंबडा कुठे होता?"

खरंच, हा प्रश्न प्लुटार्कच्या पंगतीपासून भुर्जीच्या गाडीपर्यंत कोणीच विचारलेला नव्हता. पोल्ट्रीच्या अंड्याला कोंबडा लागतच नाही, पण पिल्लासाठी लागतो, असं मी सांगायला लागलो.

"ते माहितीये. मी विचारतेय, होता कुठे?" तिने तरंगणारं एक अंडं बाजूला काढलं. "बसला असेल कुठल्यातरी गाडीवर, आधी कोण यावर चर्चा करत."