पंचनामा नाल्याचाही करा

महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मग तलाठी, कृषी सहायक वावरात येतात, खरडलेली जमीन बघतात, पंचनामा होतो. मदत येते तेव्हा येते. पण ज्या नाल्याचं पाणी वावरात घुसलं, त्या नाल्याचा पंचनामा झालेला मी तरी पाहिला नाही.

एकदा गावनकाशा काढून बघा. नकाशात नाला ऐसपैस आहे. जागेवर जाल तर बैलगाडी आडवी मावणार नाही. दोन्ही काठांवरून दरवर्षी नांगराचं एकेक तास पुढे सरकत ट्रॅक्टर पार पात्रात उतरलाय. उरलेल्या जागेत बेशरमाची झुडपं माजलीत. रपट्याखाली, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाखाली, दोन नळ्या, त्यातली एक पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) आणि प्लास्टिकनं कायमची बुजलेली. पाण्यानं जायचं कुठून?

धुऱ्यांचंही, म्हणजे बांधांचंही, तेच. आपली काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात, मग पाणी मुरत नाही, वरून पळतं. त्याला थोपवायला धुरा होता, धुऱ्यावर बोर, बाभूळ, गवत होतं. धुरे कोरले, झाडं तोडली, पेरणीही उताराच्या दिशेनं. आता सगळ्या शिवाराचं पाणी माती घेऊन एकदमच नाल्यात येतं.

मोठ्या नदीचा पूर वेगळा, हे मान्य. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तो मध्य प्रदेशातून आलेल्या पाण्याचा. गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडावे लागले. तिथं वरच्या धरणाचा निरोप खालच्या गावात वेळेत पोहोचणं हाच उपाय. पण दर पावसाळ्यात वावरं खरडतात ती बहुतेक आपल्याच नाल्यानं.

पोकलेन लावून नाला सरळ आणि खोल केला की झालं, हे मला पटत नाही. सरळ नाला पाणी पळवतो, म्हणजे आपली पीडा खालच्या गावाच्या माथी. काढलेला गाळ काठावरच राहिला तर पहिल्या जोरदार पावसात परत पात्रात. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, जुन्या मालगुजारांनी (जमीनदारांनी) बांधलेल्या मालगुजारी तलावांनी पाणी वरच्या वर अडवलं, भातशेतीही पोसली. 1951 साली मालगुजारी गेली, पुढं गाळ काढायची जबाबदारी कुणाचीच उरली नाही आणि तलाव उथळ झाले.

1 मेच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. भूमी अभिलेखकडून नाल्याची मोजणी, हद्दीला दगड. मृगाआधी नळ्या मोकळ्या. गाळ काठावर नाही, वावरात. पेरणी उताराला आडवी, जमेल तिथं रुंद वरंबा-सरीवर.

मोजणीला विरोध होईल. कोण करेल, ते नाल्याकाठी वावरं कुणाची आहेत यावरून कळतंच. त्यात माझे सोयरेही आहेत. ठरावाच्या बाजूनं असाल तर सभेला या, मागं बसून मान डोलावू नका.