उजवा बड गेलेल्या माणसाचे खरेदीविषयक मार्गदर्शन

दीड हजार रुपयांच्या आत टिकाऊ आणि गोड वाजणारे इअरबड्स कोणते घ्यावेत, हा प्रश्न मला नातेवाईक, कचेरीतील सहकारी आणि सोसायटीतील तरुण मंडळी अधूनमधून विचारत असतात. प्रश्न योग्य माणसाला विचारला जातो, यात शंका नाही. गेल्या चार वर्षांत मी अशा पाच जोड्या विकत घेतल्या असून आज माझ्या टेबलाच्या खणात वाजणारे चार डावे बड आणि एक उजवा बड आहे. मात्र ते निरनिराळ्या घराण्यांचे असल्यामुळे त्यांची जुगलबंदी होत नाही. दसऱ्याच्या सेलमध्ये १,४९९ रुपयांना घेतलेल्या पाचव्या जोडीचा उजवा बड गेल्या महिन्यात, म्हणजे वयाच्या सातव्या महिन्यात, कायमचा मौनात गेला. तेव्हा प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा माझे मार्गदर्शन एकदाच लिहून काढलेले बरे.

सर्वप्रथम किंमत पाहावी. अर्थात खोडलेली किंमत पाहावी. ४,९९९ वर आडवी रेघ आणि शेजारी १,४९९ असे दिसले, की आपण साडेतीन हजार रुपये कमावले असे समजून घरात सांगून टाकावे. ४,९९९ रुपये मोजून ती वस्तू आजवर कोणी घेतली आहे काय, असे विचारणारा माणूस संशयी आणि आनंदाचा शत्रू असतो.

त्यानंतर बॅटरीचे तास पाहावेत. खोक्यावर ‘५० तास’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असले, तर पुण्याहून रेल्वेने गुवाहाटीपर्यंत गाणी ऐकत जाता येईल असे मनोमन ठरवावे आणि खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचू नये. तिथे असे लिहिलेले असते, की हे तास बड ठेवायच्या चार्जिंगच्या डबीतील बॅटरीसह मोजलेले आहेत, आवाज निम्म्यावर ठेवून मोजलेले आहेत आणि गोंगाट दाबण्याची सोय बंद ठेवून मोजलेले आहेत. बड स्वतः पाच-सात तास चालतो. बाकीचे तास म्हणजे त्याला पुन्हा पुन्हा डबीत झोपवण्याचे तास होत. त्याच्या पोटातील लिथियमचा सेल साधारण ३० ते ६० मिलिअँपिअर-तासांचा असतो, म्हणजे आपल्या मोबाइलमधील बॅटरीच्या शंभराव्या भागाएवढा. असा सेल तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामा झाला की थकू लागतो, आणि रोज वापरणाऱ्याच्या कानात ही वेळ दीड-दोन वर्षांत येते. मनगटी घड्याळाचा सेल संपला, तर रस्त्याकडेचा घड्याळजी पाठीमागचे झाकण काढून पाच मिनिटांत नवा बसवून देतो. इअरबडाला झाकण नसते. तो डिंकाने कायमचा चिकटवलेला असतो. युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून काही अपवाद सोडता लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे. आपण असल्या किरकोळ गोष्टींत पडू नये. सेल गेला की जोडीच टाकून द्यावी. ‘टिकाऊ’ या शब्दाचा अर्थ सेलच्या आयुष्याइतकाच धरावा.

ड्रायव्हर, म्हणजे बडातला आवाज काढणारा चिमुकला स्पीकर, जितक्या अधिक मिलिमीटरचा, तितका आवाज थोर, असे मानावे. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्याच मोठ्या ड्रायव्हरवर चालणारी महागडी इअरफोन्स वापरणारे वादक आणि ध्वनिमुद्रक वेडे आहेत.

ब्लूटूथ ५.३ आहे की ५.४, याची मात्र कसून चौकशी करावी आणि फोनमधले गाणे बडकडे कोणत्या पद्धतीने आवळून पाठवले जाते, म्हणजे एसबीसी, एएसी की एलडॅक, हा प्रश्न चुकूनही विचारू नये, कारण आवाजाशी संबंध असलेली गोष्ट विचारली की विक्रेता अवघडतो.

‘ईएनसी’ ही तीन अक्षरे दिसताच खरेदी पक्की करावी. अनेक भोळ्या ग्राहकांप्रमाणे मीही ती गोंगाट दाबणारी सोय समजून स्वारगेटहून सुटणाऱ्या बसमध्ये मोठ्या आशेने बड कानात घातले, आणि कंडक्टरची घंटा, शेजारच्या गृहस्थांचे शेअरबाजारावरील विवेचन आणि बसच्या खिळखिळ्या खिडक्या हे सर्व मला पूर्ववत ऐकू आले. पुढे कळले, की तुमच्या कानांतील गोंगाट कमी करते ती ‘एएनसी’. ‘ईएनसी’ ही तुमच्या माइकसाठी असते, म्हणजे पैसे तुम्ही द्यायचे आणि शांतता फोनच्या पलीकडच्या माणसाला मिळायची. तीही मिळतेच असे नाही. आमच्या सासूबाईंनी दोन मिनिटे माझे बोलणे ऐकून घेऊन विचारले, “जावईबापू, तुम्ही पिंपात बसून बोलताय का?”

खोक्यात एका छोट्या पिशवीत रबरी टोप्यांचे आणखी दोन जोड असतात, एक लहान आणि एक मोठा. ती पिशवी मुळीच उघडू नये. आपल्या कानाच्या मापाची टोपी नीट बसली की कान बंद होतो, खर्जाचे स्वर भरीव ऐकू येतात, बाहेरचा गोंगाट थोडा आपोआप अडतो आणि आवाज कमी ठेवूनही भागते, असा ज्यांचा अनुभव आहे त्यांना तो लखलाभ असो. आपण मधल्या मापाच्या टोप्या वापराव्यात, एक बड सारखा निसटतो म्हणून चिडावे आणि आवाज शेवटच्या काडीपर्यंत वाढवावा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास ही मर्यादा सांगते खरी, परंतु तिने आपल्या चौकातली विसर्जन मिरवणूक ऐकलेली नाही.

आवाजाची पारख करताना एकच कसोटी लावावी: छाती धडधडली पाहिजे. या किमतीत बहुतेक कंपन्या खर्ज इतका फुगवून ठेवतात, की भजनातील डग्गा दाराबाहेर कोणी सिलिंडर लोटत नेत असल्यासारखा घुमतो आणि गाणाऱ्याचा आवाज त्याखाली चेपला जातो. माझ्यासारख्या हटवादी माणसाने केवळ तंबोरा लावून पाहिला. चांगल्या बडमध्ये जवारीची ती झिणझिण निरनिराळ्या धाग्यांनी सुटी ऐकू येते. माझ्या पाचव्या जोडीत मिक्सर चालू असलेल्या स्वयंपाकघराशेजारची भिंत ऐकू आली. मी ती परत करायला हवी होती. परतीचे सात दिवस होते आणि त्यांतले सहा मी ‘कानांना सवय होईल’ असे म्हणत घालवले.

अभिप्राय अवश्य वाचावेत. ‘पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत’ हा अभिप्राय वस्तू हातात पडल्यापासून तासाभरात लिहिलेला असल्यामुळे तो ताजा आणि म्हणून विश्वासार्ह होय. खोक्यात ‘पाच तारे द्या, भेट मिळवा’ असे कार्ड निघाले, तर लाजू नये. ऑनलाइन अभिप्राय प्रामाणिक असावेत म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली आयएस १९००० हे मानक काढले आणि ते पाळणे ऐच्छिक ठेवले, यावरून या कार्डाचे भवितव्य उज्ज्वल आहे हे ध्यानात यावे.

आता वॉरंटी. खोक्यावर ‘एक वर्षाची वॉरंटी’ असे लिहिलेले असले की निर्धास्त व्हावे, कारण ते वर्ष आपल्याला लोकसंग्रहाची उत्तम संधी देते. माझा उजवा बड गेल्यावर मी प्रथम ॲपवर तक्रार नोंदवली. तेथील यंत्रमानवाने मला ‘बड डबीत ठेवून पुन्हा काढा’ असे सांगितले, मी तसे केले, त्याने पुन्हा तेच सांगितले, मी पुन्हा तसे केले, आणि तिसऱ्या दिवशी ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा संदेश येऊन वर मला समाधानाचे तारे मागण्यात आले. मग मी सुट्टी टाकून सर्व्हिस सेंटरला गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद, माझ्या टोकनावर ४७ आणि भिंतीवरच्या पाटीवर १९. दोन तासांनी काउंटरवरील मुलाने बिल मागितले, ते मी दिले; मूळ खोके मागितले, तेही मी दिले, जरी त्यात सौभाग्यवतींनी देवघरातील वाती भरून ठेवल्या होत्या आणि त्या मला तिथेच खिशात कोंबाव्या लागल्या. डबीच्या झाकणाच्या आतला अनुक्रमांक वाचता येईना, म्हणून त्याने मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून वाचला. नंतर डोळ्याला भिंग लावून त्याने बड उलटा केला, चार्जिंगच्या पिनेवर राईएवढा हिरवट डाग मला दाखवला आणि शांतपणे म्हणाला, “सर, मॉइश्चर आहे. वॉरंटीत बसत नाही.”

मे महिन्याच्या पुण्यात मॉइश्चर! ओठ फुटतात, दाराची लाकडे तडकतात, आणि या एका बडात तेवढा दमटपणा शिरतो. ज्या खोक्यातून मी वाती काढल्या, त्याच खोक्यावर घामाने निथळणारा एक तरुण पावसात धावताना छापलेला होता आणि त्याच्या कानात हेच बड होते. खाली ‘आयपीएक्स४’ असे लिहिले होते. मी त्या मुलाला चित्र दाखवले. तो म्हणाला, “ते जाहिरातीसाठी असतं, सर.” आयपीएक्स४ याचा अर्थ मी घरी येऊन वाचला. त्यातील ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचाव. एक्स म्हणजे धुळीसाठी काही सांगितलेलेच नाही. चाचणी होते नव्या बडवर आणि साध्या पाण्याने. माणसाचा घाम खारट असतो, तो बडला चिकटून डबीत जातो, डबीला बहुधा असे कोणतेही मानांकन नसते, आणि तिथे पिना रात्रभर विजेसकट त्या खारात मुरतात. हे ज्यांनी बड बनवला त्यांना ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, म्हणून तर चित्र खोक्यावर आणि ‘ओलाव्याने झालेली हानी वगळून’ हे वाक्य माहितीपत्रकाच्या अकराव्या कलमात. ‘कानात घालण्याआधी अंग पुसा आणि डबीत ठेवण्याआधी पिना कोरड्या फडक्याने टिपा’ एवढे एक वाक्य खोक्यावर छापायला किती शाई लागली असती? मी एकटा उजवा बड विकत मिळेल काय, असे विचारले. मिळेल, ८५० रुपये, तीन आठवडे. त्याच रात्री तीच संपूर्ण जोडी सेलमध्ये १,०९९ रुपयांना होती. याचा अर्थ एवढाच, की दुरुस्ती महाग असावी असे कोणीतरी बसून ठरवले आहे. त्या मुलावर माझा राग नाही. दिवसाला शंभर माणसांच्या शिव्या खाण्यासाठी त्याला तिथे बसवलेले आहे, आणि ज्यांनी बसवले त्यांनी स्वतःच्या कानांत बोळे घातलेले आहेत.

मार्गदर्शन पुरे झाले. घाम चालेल असे सांगून वस्तू विकायची आणि घाम लागला म्हणून वॉरंटी नाकारायची, याला व्यापार म्हणत नाहीत, याला फसवणूक म्हणतात, मग ती पंधराशे रुपयांची असो वा पंधरा लाखांची.

पण तुम्हीही साळसूदपणाचा आव आणू नका. ‘जाऊ दे, हजाराचीच तर वस्तू’ असे म्हणून बिल फेकून देणारे तुम्हीच आहात, आणि पहिली चार बिले फेकणारा मी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. किती जणांनी तो एकदा तरी फिरवला? मी या वेळी फिरवला आणि खोक्याच्या चित्राचा फोटो, बिल आणि नकाराची चिठ्ठी जोडून तक्रार नोंदवली. निकाल लागायचा तेव्हा लागेल. मेलेला बड तुम्ही ओल्या कचऱ्यात टाकता आणि घंटागाडीत चेपल्यावर लिथियमचा सेल पेट घेऊ शकतो, याची तुम्हाला फिकीर नसते.

आणि खरोखरच पंधराशे रुपयांत चांगला आवाज आणि टिकाऊपणा पाहिजे असेल, तर वायरचे घ्या. त्यात बॅटरी नाही, म्हणून मरायला सेल नाही. हजार ते दीड हजारात दोन पिनांची, वायर वेगळी करता येणारी इअरफोन्स मिळतात, जी तंबोरा तंबोऱ्यासारखा ऐकवतात. वायर तुटली तर तेवढीच दोन-तीनशेला नवी लावायची. फोनला इअरफोनचे भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा अडॅप्टर घ्या. २०१६ साली एका कंपनीने आपल्या फोनचे ३.५ मिलिमीटरचे भोक बुजवले आणि त्याच कार्यक्रमात बिनतारी बड विकायला मांडले, तेव्हा इतरांनी आधी तिची टिंगल केली आणि मग स्वतःची भोके बुजवली. त्यातले काही समजून घ्यायचे की नाही, ते तुम्ही बघा. वायर गुंतते, हे मला माहीत आहे. गुंता सोडवायला अर्धा मिनिट लागतो आणि माझे त्या तिसऱ्या मजल्यावर दोन तास गेले आहेत.

वायर जुनाट दिसते, चारचौघांत लाज वाटते, म्हणून बिनतारीच पाहिजे असेल तर खुशाल घ्या, पण मग सातव्या महिन्यात माझ्याकडे रडत येऊ नका आणि कोणत्या जोडीची लिंक पाठवू, असे मला पुन्हा विचारू नका.